गावाची खोली नसलेल्या शहरात: कोकणातून दुबईच्या बिझनेस बेला राहायला जाताना

आमचे आजोबा मुंबईला गेले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी होती आणि एक पत्ता. पत्ता लालबागच्या चाळीतल्या ‘गावाच्या खोली’चा. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वाडीतले पंधरा-वीस बाप्ये पाळीपाळीने झोपत. खानावळ ठरलेली, नव्या पोराला गिरणीत बदलीवर कोण लावणार तेही ठरलेलं. आजोबांना कुणी करारपत्र वाचायला लावलं नाही. खोलीत पथारी टाकली की राहायचा प्रश्न सुटला.

मी दुबईला गेले ती हिशेब तपासनीस म्हणून, बिझनेस बे या टॉवरांच्या भागातल्या एका कचेरीत, आणि नऊ वर्षं राहिले. आमच्या वाडीतून तिकडे गेलेली मी पहिलीच. आता रत्नागिरीत असते, आणि मे महिन्यात नाहीतर गणपतीत कोणी ना कोणी पडवीत येऊन बसतं. “ताई, ऑफर आलीय. आता काय करू?” दरवेळी तेच सगळं सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

हे लिहिलंय ते ऑफिसात काम करायला जाणाऱ्यांसाठी. बिझनेस बे, डीआयएफसी म्हणजे तिथलं आर्थिक केंद्र, किंवा जेएलटी म्हणजे जुमेरा लेक्स टॉवर्स, यांपैकी कुठेही. बांधकामावर किंवा जहाजावर जाणाऱ्यांचं गणित निराळं असतं, ते त्यांच्याकडूनच ऐका.

ऑफर लेटर हातात आलं की

पेढे नंतर वाटा. आधी पगाराची फोड बघा. तिथे पगार ‘बेसिक’ आणि ‘अलाउन्स’ असा तुटलेला असतो, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात. पहिली पाच वर्षं दरवर्षाला २१ दिवसांचा बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा, आणि किमान एक वर्ष पुरं झालेलं हवं. समजा दोघांनाही महिना १०,००० दिरहम आहेत. एकाचा बेसिक ६,०००, दुसऱ्याचा ४,०००. पहिल्याचे वर्षाला ४,२०० साठतात, दुसऱ्याचे २,८००. हातात येणारा पगार सारखा असतो म्हणून हा फरक नोकरी सोडेपर्यंत कुणाच्या ध्यानातही येत नाही. बेसिक वाढवून मागायची वेळ सहीच्या आधीची. नंतर मागितलात तर एचआरवाले गोड हसतात आणि विषय बदलतात.

आपली कंपनी कुठल्या कायद्याखाली येते तेही विचारून घ्या. बिझनेस बेमधल्या बहुतेक कंपन्यांना यूएईचा कामगार कायदा लागतो. तो २०२१ चा ३३ क्रमांकाचा, २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेला. जेएलटी हा डीएमसीसी नावाचा फ्री झोन, म्हणजे स्वतःचं परवाना कार्यालय असलेला व्यापारी भाग आहे, तिथेही हाच कायदा, फक्त व्हिसाचे कागद झोनच्या कार्यालयातून होतात. डीआयएफसीचा मात्र स्वतःचा वेगळा रोजगार कायदा आहे, आणि २०२० पासून तिथे ग्रॅच्युइटीऐवजी मालक दरमहा एका बचत योजनेत पैसे भरतो. मेट्रोच्या दोन स्टेशनांत नियम बदलतात, त्यामुळे मित्राला लागू असलेलं तुम्हाला लागू असेलच असं धरून चालू नका.

प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कायद्याने मालकाचा. तो पगारातून कापू म्हणणारी कंपनी, किंवा ‘फाइल चार्ज’ म्हणून आधी पैसे मागणारा एजंट दिसला की तिथेच थांबा. “आधी व्हिजिटवर या, कामाला लागा, व्हिसाचं मग बघू” हे वाक्य तर कानावर पडताच फोन ठेवायचा. व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधता येते, करता येत नाही. पकडला गेलात तर भोगायचं तुम्हालाच आहे.

कागद

मी सर्वात जास्त चकरा मारल्या त्या नावापायी. आपल्याकडे बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पदवीवर क्रम वेगळा. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आपल्या नावाला चिकटून येतं, कधी गायबच. त्यात लग्न झालेल्या मुलीचं तिसरंच. कोकणात आणखी एक भर: आजोबांचं आडनाव गावावरून ‘कर’ लावलेलं, काकांनी मूळचं परत घेतलेलं, आणि एकाच घरात दोन आडनावं. तिथल्या खिडकीवरच्या माणसाला हा इतिहास सांगता येत नाही. पासपोर्टवर जे आहे तेच प्रमाण धरा, आणि बाकीच्या कागदांत फरक असेल तर निघायच्या आधी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पासपोर्टवर आडनाव नसून नुसतं एकच नाव असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने आलेल्यांना यूएईत घेत नाहीत, तेव्हा ही जोखीम नकोच.

पदवीचं प्रमाणपत्र साक्षांकित करावं लागतं: आधी राज्याकडून, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पुढे नवऱ्याला किंवा बायकोला न्यायचं असेल तर लग्नाच्या दाखल्यालाही हीच वारी. दोन्ही एकदमच करून टाका, आणि हाताशी महिनाभर ठेवा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा, शेरा असतो. त्यांना यूएईसाठी वेगळी परवानगी लागते, ती ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावरून. एजंट नोंदणीकृत आहे की नाही तेही तिथेच दिसतं.

बॅगेत काय जाऊ द्यायचं नाही

निघायच्या आदल्या रात्री आईने मालवणी मसाल्याचं दोन किलोचं पाकीट बॅगेत दाबलं. डंकावरून नुकताच कांडून आणलेला, पाकीट अजून कोमट. मी सहज विचारलं, “खसखस घातलीस काय गो यात?” आई म्हणाली, “घातलीय थोडी. तिच्याशिवाय मसाला होतो काय?” ते पाकीट रात्री अकराला शेजारच्या काकूंकडे गेलं, आणि आई सकाळपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही.

खसखस यूएईत बंदी असलेल्या मालात मोडते, अफूच्या झाडाचं बी म्हणून. सुटी, वाटलेली, मसाल्यात मिसळलेली, सगळी. आई-आजीला हे आधीच, मसाला भाजायच्या आत सांगा. विड्याची पानंही चालत नाहीत, म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेसाठी डझनभर पानं टॉवेलात गुंडाळून न्यायची नाहीत. गुटखा, भांगेचं चूर्ण यांचं तर नावच नको. औषधांत कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप आणि ट्रॅमाडॉल ही दोन नावं पाठ करा. नियमाने घ्यावी लागणारी गोळी असेल तर ती तिथल्या नियंत्रित यादीत आहे का ते बघा, डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, आणि लागत असेल तर त्यांच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन मंजुरी आधी काढा.

आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट न्या. सुकट-बोंबील मात्र नेऊ नका. वासाने सगळे कपडे जातात, आणि सुकी मासळी तिथे मिळते. तिथल्या प्लगला तीन चौकोनी पिना असतात, दोन ॲडॉप्टर घ्या. दीड महिना पगाराशिवाय निघेल एवढे पैसे सोबत हवेत. पहिला पगार हातात येईपर्यंत तो अर्धा खर्च झालेला असतो, हे माझं एकटीचं दुखणं नव्हतं.

पहिले तीन आठवडे

क्रम पक्का आहे, आणि त्यातली एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं. प्रवेश परवान्यावर उतरायचं. मग वैद्यकीय तपासणी: रक्त आणि छातीचा एक्स-रे. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर निघण्यापूर्वी इथेच एक्स-रे काढून बघा आणि उपचारांचे कागद सोबत ठेवा. मग बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागायचा, २०२२ पासून तो गेला. आता आयडी हेच तुमचं राहायचं कार्ड, आणि ते आल्याशिवाय बँकेत सहसा खातं उघडत नाही, खात्याशिवाय चेकबुक नाही, चेकबुकाशिवाय घर नाही. म्हणून कंपनी पंधरा दिवसांचं हॉटेल देतेय म्हटल्यावर हुरळू नका. निदान तीन आठवडे मागा.

पासपोर्ट मात्र कुणाकडे ठेवायला द्यायचा नाही. व्हिसाच्या कामाला दिला तर काम झालं की परत घ्यायचा. मालकाने तो अडकवून ठेवणं तिथेही बेकायदेशीर आहे.

आणखी एक, लहानसं वाटेल पण घरी रडारड होते ती यावरून. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप आईच्या फोनमध्ये निघण्यापूर्वी टाकून, दोनदा लावून दाखवून जा. तिकडची वेळ आपल्या दीड तास मागे.

आयडी आला की नोकरी गेल्यास मिळणाऱ्या भरपाईचा विमाही काढायचा. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, वर असेल तर १०. सक्तीचा आहे, कंपनी काढेल म्हणून बसलात तर दंड तुमच्या नावावर. आरोग्यविमा मात्र दुबईत मालकानेच द्यायचा असतो.

घर

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो.

बिझनेस बे बघितलंत की पहिल्या संध्याकाळी वाटतं, राहावं तर इथेच. कालव्यात टॉवरचे दिवे पडलेले, पलीकडे बुर्ज खलिफा, खाली कॉफीची दुकानं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष इथे राहू नका. करामा, मनखूल, बर दुबई, फार तर देरा बघा. इमारती जुन्या आहेत, लिफ्ट कुरकुरते, पण खाली किराणावाला आहे, शिंपी आहे, रात्री अकराला डोसा मिळतो, आणि कोपऱ्यावर कुणीतरी मराठीत फोनवर भांडत असतं. करामाच्या एडीसीबी स्टेशनावरून बिझनेस बे मेट्रोच्या रेड लाइनवर सहावं स्टेशन. गाडी ९ सप्टेंबर २००९ पासून चालू आहे आणि वेळेवर येते. भाडं भरायचं सर्वात साधं नोल कार्ड २५ दिरहमचं, त्यात १९ शिल्लक असते. तिकीट अंतरानुसार ३, ५ किंवा ७.५० दिरहम.

टॉवरमध्येच राहायचं ठरवलंत तर घर बघायला दुपारी दोन वाजता जा, आणि स्टेशनापासून चालत. एजंट संध्याकाळी गाडीतून नेतो, तेव्हा सगळंच जवळ वाटतं. बिझनेस बेचं स्टेशन त्या भागाच्या एका कडेला, शेख झायेद रोडवर आहे. आतल्या टॉवरपासून ते वीस-पंचवीस मिनिटं निघू शकतं, वाटेत बांधकामाचे पत्रे, अर्धवट फुटपाथ आणि सावलीचा पत्ता नाही. ऑगस्टमध्ये हे अंतर फार लांब होतं.

आता करार. भाडं वर्षाचं बोलतात, महिन्याचं नाही, आणि ते पुढच्या तारखांच्या चेकने देतात: एक, दोन, चार, कधी बारा. चेक जितके कमी तितकं भाडं कमी होऊ शकतं. पण मोह झाला तरी खात्यात जेवढे आहेत तेवढ्याच हिशेबाने चेक लिहा. न वटलेला चेक थेट वसुलीला जातो, देशाबाहेर जायला बंदीही येऊ शकते. वरचे खर्च धरून ठेवा: अनामत साधारण वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, सामानासकट घर असेल तर १० टक्के, एजंटची दलाली बहुतेकदा ५ टक्के, वीज-पाण्याच्या देवा या सरकारी कंपनीकडे फ्लॅटसाठी २,००० दिरहम अनामत. (नाव देवा, पण बिल वेळेवर भरलं नाही तर दया नाही.) देवाच्या बिलात दरमहा एक ‘हाउसिंग फी’ दिसेल. ती पालिकेची, वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्क्यांचा बारावा हिस्सा. पहिल्या बिलाला सगळेच दचकतात.

आणि चिलर. हा शब्द मला माहीत नव्हता, त्याची किंमत मी मोजली. पुष्कळ टॉवरांत एसीला लागणारं थंड पाणी बाहेरच्या केंद्रातून नळाने येतं आणि त्याचं बिल वेगळी कंपनी पाठवते, वेगळी अनामत घेऊन. माझ्या एजंटने “एसी सेंट्रल आहे मॅडम” एवढंच सांगितलं. मी खूश. रत्नागिरीत आमच्याकडे पंखा आणि खिडकी. एप्रिलमध्ये राहायला गेले, जुलैचं बिल आलं ते विजेच्या दुप्पट. वर दर महिन्याचा एक ठरावीक आकार, मी गावाला आले असतानाही लागलेला. एजंटने फोन उचलायचं बंद केलं होतं. घर बघताना एवढंच विचारा: “चिलर फ्री आहे का? नसेल तर आधीच्या भाडेकरूचं ऑगस्टचं बिल दाखवा.” दाखवायला टाळाटाळ केली की पुढचं घर.

चेक नेहमी मालकाच्या नावे, मालकीचा कागद बघून. एजंटच्या नावे नाही, रोख तर नाहीच. एजंटकडे रेराचं, म्हणजे दुबईच्या जागा-व्यवहार नियामकाचं, कार्ड असतं, ते मागा. करार झाला की त्याची ‘इजारी’, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, झालीच पाहिजे. तिच्याशिवाय देवाचं कनेक्शन, नवरा-बायकोचा व्हिसा, उद्या भांडण झालं तर दाद, काहीच नाही. किल्ली मिळाल्या दिवशी भिंती, नळ, ओटा, फरशी सगळ्याचे फोटो काढून मालकाला मेल करा. नूतनीकरणाच्या वेळी भाडं किंवा अट बदलायची असेल तर ९० दिवस आधी कळवावं लागतं, आणि वाढ किती ते मालकाच्या मनावर नाही. सरकारी भाडे निर्देशांकात आपलं घर घालून बघा. बाजारभावाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर वाढ शून्य. घर विकायचंय किंवा स्वतः राहायचंय म्हणून काढायचं तर बारा महिन्यांची रीतसर नोटीस लागते, तोंडी सांगून भागत नाही.

एकट्याने परवडत नसेल तर खोली वाटून घ्या, पण कागदावर. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची नाव नोंदणी करावी लागते. प्लायवूडच्या भिंती घालून एका हॉलचे चार कप्पे केलेले ‘पार्टिशन’ आणि बंक बेडवरचे ‘बेडस्पेस’ स्वस्त दिसतात. आमच्या गावाच्या खोलीची मला तिथे पहिल्यांदा आठवण झाली ती अशाच एका कप्प्यात. पण लालबागच्या खोलीत कुणी तपासायला येत नव्हतं. इथे विनापरवाना कप्पे बेकायदेशीर आहेत, आग लागली तर बाहेर पडायला वाट नसते, आणि पालिकेने धाड घातली की त्याच रात्री सामान रस्त्यावर.

रोजचं जगणं

उकाड्याचं आम्हाला कौतुक नाही, असं म्हणत मी गेले. आपल्या किनाऱ्यावर मे महिना काढलेल्या माणसाला घामाचं काय! पण तिथला ऑगस्ट मेच्या वरताण. इमारतीबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते आणि मिनिटभर काही दिसत नाही. उलट ऑफिसात एवढी थंडी की खांद्यावर शाल लागते. एक शाल खुर्चीला कायमची टांगून ठेवा.

मेट्रोत खाणं-पिणं, च्युइंगगम चघळणंही, १०० दिरहम दंड. बायका-मुलांच्या डब्यात चुकून शिरलेल्या पुरुषालाही तेवढाच. डब्याच्या जमिनीवर गुलाबी पट्टी असते, घाईत दिसत नाही. रस्ता भलतीकडून ओलांडलात तर ४००, आणि वेगवान रस्त्यावर प्रकरण त्याहून बरंच पुढे जातं. शेख झायेद रोड तर ओलांडायचा विचारसुद्धा करू नका, मेट्रोच्या पुलावरून पलीकडे जा.

जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार, सरकारी कार्यालयं शुक्रवारी अर्धा दिवस. खाजगीत ज्याचं त्याचं वेगळं, काही ठिकाणी शनिवारही कामाचा. ऑफरमध्ये बघून घ्या. रमजानात कामाचे रोज दोन तास कमी होतात, रोजा न धरणाऱ्यांचेही. दिवसा लोकांसमोर पाण्याची बाटली तोंडाला लावू नये, हे खेड-राजापूरकडच्या माणसाला शिकवायला नको, आपल्याकडे शेजारी रोजे असतातच. संध्याकाळी इफ्तारला बोलावलं तर जरूर जा. मला तिथे पहिल्यांदा घरचं वाटलं ते श्रीवर्धनच्या एका चाचींकडे, तांदळाच्या भाकरीने.

मासे: देरा भागात वॉटरफ्रंट मार्केट आहे, एसीतलं. सुरमईला तिथे कनद म्हणायचं, पापलेटला झुबैदी. बांगडा मिळतो. साफ करणारे वेगळे बसतात, त्यांच्याकडे टोकन लावायचं, आणि ‘कालवणाचे तुकडे’ म्हणजे किती जाड ते बोटाने दाखवायचं. तिथे मी एकदा मालवणीत पुटपुटले, “ह्यो ताजो नाय दिसत,” तर मागून आवाज आला, “खंयची गो तू?” तो माणूस वेंगुर्ल्याचा निघाला. पुढे सहा वर्षं माझा आजारपणातला आधार त्याचं कुटुंब होतं. मराठी मंडळी भेटायची असतील तर महाराष्ट्र मंडळ आहे, त्यांच्या गणपतीला जा. देवळासाठी जेबेल अलीचं मंदिर, ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलेलं.

पाऊस पडतो तेव्हा मात्र हसू नका. १६ एप्रिल २०२४ ला तिथे विक्रमी पाऊस झाला, रस्त्यांवर गाड्या तरंगल्या, विमानतळ विस्कळीत झाला. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस बघणाऱ्या आमच्या वाडीने फोनवर चेष्टा केली. पण ते शहर पाणी वाहून न्यायला बांधलेलंच नाही. पावसाचा इशारा आला की घरून काम मागा आणि गाडी तळघरातून वर काढा.

पैसा

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की घरी जास्त जातात. दर बघत बसण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेल्या दिवशी पाठवा. नोकरीसाठी परदेशी राहायला गेलात की इथलं बचत खातं तसंच चालवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशाचं खातं, करून घ्या, आणि तिकडची कमाई ठेवायला अनिवासींचंच एनआरई खातं उघडा. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही, एनआरओच्या व्याजावर आहे. यूएईत पगारावर आयकर नाही, पण इथे अनिवासी ठरायला आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत हवा. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपा. वर्षाच्या मध्यात निघणार असाल तर तारीख सीएला विचारूनच तिकीट काढा.

क्रेडिट कार्डवाले तुम्हाला ऑफिसच्या लिफ्टमध्ये गाठतील. एक घ्या, दुसरं नको. देणं थकलं तर प्रकरण नुसत्या व्याजावर थांबत नाही, विमानतळावर अडवलं जाऊ शकतं.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की व्हॉट्सॲपवर यादी फिरते, आणि दुबईकराच्या नावापुढे आकडा मोठा. स्वतःचे पैसे स्वतःच्या खात्यातून इथल्या विश्वस्त संस्थेला पाठवा. पण तिथे राहून इतरांकडून वर्गणी गोळा करायची नाही, तसा मेसेजही ग्रुपवर टाकायचा नाही. परवान्याशिवाय देणगी मागणं हा यूएईत गुन्हा आहे, २०२१ चा कायदा आहे, आणि दंड लाखांत मोजायचा, तोही दिरहमच्या. शिमग्याची पालखी असो नाहीतर आजारी माणसाची मदत, हेतू चांगला होता हे तिथे चालत नाही. गावकीला हे एकदा बैठकीतच सांगून टाका, म्हणजे दरवर्षी वाईटपणा येत नाही. असंच सोशल मीडियाचं: भांडणातली शिवी, विचारल्याशिवाय काढलेला कुणाचा फोटो, यावरूनही तक्रार होते.

अडलं तर

पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७. पगार थकला, मालक छळतोय, कागद अडकलेत, तर भारतीय वकिलातीचं प्रवासी साहाय्य केंद्र आहे, मोफत नंबर ८०० ४६३४२. शेवटचे पाच आकडे कीपॅडवर ‘इंडिया’ होतात, म्हणून लक्षात राहतो. पहिल्याच दिवशी सेव्ह करा आणि घरच्यांनाही देऊन ठेवा.

गणपतीची रजा

पहिल्या वर्षी पूर्ण रजा मिळत नाही. सहा महिने झाले की महिन्याला दोन दिवस, वर्ष झालं की वर्षाला ३० दिवस, आणि त्यात मधले शनिवार-रविवारही मोजले जातात. टीममध्ये केरळचे असतील तर ओणम त्याच सुमाराला येतो, तेव्हा अर्ज जानेवारीतच टाका. तिथल्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात. चतुर्थी ऑगस्टात आली तर जाताना नाही तर परतताना विमान महाग पडतंच. मुंबईचं तिकीट काढण्यापूर्वी गोव्याच्या मोपा विमानतळाचा दरही बघा. सावंतवाडी-कुडाळवाल्यांना तेच जवळ. मुंबईला उतरणार असाल तर कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, तेव्हा दुबईत साडेसहा वाजलेले असतात. आदल्या रात्री लॉगिन तपासा, प्रवाशांची नावं भरून ठेवा, आणि गजर सव्वासहाचा लावा. मी दोनदा साडेसहाचा लावला होता आणि दोन्ही वर्षी रत्नागिरीपर्यंत एसटीने आले.